हेड गॅसकेट पुन्हा उडू नये म्हणून : जुन्या गाडीवरचं काम, क्रमाने

‘गॅसकेट बदललं, चार महिने बरं चाललं, पुन्हा उडालं.’ जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणाशीही बोला, हे रडगाणं ऐकू येतं. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असतात तो खालचा भाग) आणि हेड (त्यावरचं झाकण) यांच्या मधलं पातळ पॅकिंग. ते जळलं किंवा फाटलं की ‘उडालं’ म्हणतात. दोष नव्या गॅसकेटचा क्वचितच असतो. गाडी का तापली, हे कोणी शोधलेलं नसतं, हेड सपाट आहे का हे मोजलेलं नसतं आणि बोल्ट अंदाजाने आवळलेले असतात. मी स्वतः पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा गॅसकेट अगदी मन लावून बसवलं आणि चोंदलेला रेडिएटर तसाच पुन्हा जोडला. पुढच्या मे महिन्यात खोपोलीच्या पुढे घाटात बॉनेटमधून वाफा.

खालचा क्रम कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला धरून लिहिला आहे : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, अॅल्युमिनियमचं हेड, टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणारा पट्टा). झेनसारख्या गाड्यांना तो थोड्या फरकाने लागू पडतो. पद्मिनीत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये असल्याने बेल्टची भानगड नाही, पण पुशरॉड (कॅमचा धक्का वर पोहोचवणाऱ्या सळया) ज्या भोकातून काढले त्याच भोकात परत जायला हवेत. डिझेल आणि अलीकडच्या गाड्यांना हा लेख लावू नका.

## टप्पा १ : गॅसकेटच गेलंय ना?

गाडी तापली म्हणजे गॅसकेट गेलंच, असं नाही. आधी तपासा, मग पाना उचला.

१. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं रेडिएटर कॅप काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा, इंजिन चालू करा. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच सतत बुडबुडे येऊ लागले, थांबेनातच, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय.

२. कॅप लावून थंड इंजिन चालू केल्यावर वरचा होज पाणी तापायच्या आधीच दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच.

३. तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. वाफेने प्लग धुऊन निघतो.

४. कॉम्प्रेशन गेज लावा. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदमच पडलं असेल तर त्यांच्या मधलं गॅसकेट जळालंय. सिलिंडरांमधला फरक १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत हवा.

इथे फसू नका : मुंबईच्या पावसाळ्यात ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते आणि लोक घाबरून हेड उतरवतात. घर ते स्टेशन एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली दमट हवा झाकणाला चिकटते. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं झालं असेल तर मात्र खरोखर पाणी मिसळलंय. सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडणं हेही नेहमीचं. गाडी पुरती तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर काळजी करा.

इशारा : गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडू नका. फडकं धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर येतं.

## टप्पा २ : का तापली?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. हेड अजून जागेवर आहे तोवरच हे तपासून घ्या, कारण नंतर नव्या गॅसकेटच्या आनंदात राहून जातं.

- रेडिएटर : कॅप काढून आत टॉर्च मारा. नळ्यांच्या तोंडावर गंज किंवा पांढरा थर दिसला तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग (सळई घालून नळ्या साफ करणं) करून घ्या. जाळीची पुढची बाजूही बघा. चिखल आणि धुळीने ती अर्धी बंद असते, आणि ट्रॅफिकमध्ये रांगत जाणाऱ्या गाडीला ते पुरतं.
- पंखा : इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा. काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत पंखा सुटायला हवा. सुटला नाही तर स्विच, रिले, वायर, मोटर या क्रमाने बघत जा.
- थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) : काढून दोऱ्याला बांधा आणि पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. ‘मुंबईत थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो फेकून देणारे पुष्कळ भेटतात. तो नसेल तर सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहतं, जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं. खराब असेल तर नवा घाला.
- वॉटर पंप : खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ किंवा त्याचा सुकलेला डाग दिसला, पुलीला हलवून खेळ जाणवला, तर पंप बदला.
- रेडिएटर कॅप : रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. एवढ्याशा झाकणापायी पाण्याचा दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

यातलं काहीच सापडलं नाही तर प्रामाणिकपणे स्वतःला विचारा : काटा लाल पट्ट्यात असताना आपण ‘आता वाशीचा पूल तर ओलांडू’ म्हणून गाडी दामटली होती का?

## टप्पा ३ : तयारी

दिवस ठरवताना मशीन शॉपचा विचार करा. फेसिंगवाले (हेड मशीनवर कापून सपाट करणारे) आणि स्पेअरची दुकानं रविवारी बहुधा बंद असतात. रविवारी सकाळी हेड उतरवलं तर दिवसभर उघड्या ब्लॉककडे बघत बसावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी पाणी आणि ऑइल काढून ठेवा, शनिवारी सकाळी हेड उतरवा, दुपारपर्यंत ते शॉपला पोहोचवा.

सामान ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांमध्ये किंवा कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडला मिळेल. इंजिन नंबर लिहून न्या, ‘८०० चं द्या’ एवढ्यावर भागत नाही. यादी अशी : हेड गॅसकेट, टॅपेट कव्हरचं रबर, इनटेक आणि एक्झॉस्ट मेनिफोल्डची पॅकिंग, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, ऑइल फिल्टर, दोन ऑइल चेंजपुरतं ऑइल, कूलंट. हेडचे बोल्ट लांबले असतील, आट्यांवर गंजाचे खड्डे असतील, तर तेही नवे.

हत्यारांत नेहमीच्या गोटी पान्यांसोबत तीन गोष्टींवर तडजोड नको : टॉर्क रेंच (ठरावीक जोरालाच आवळणारा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि सरळ धारेची पट्टी. पट्टी म्हणजे कंपासपेटीतली नव्हे, लेथवाल्याकडे असते तशी घासून सरळ केलेली. विकत परवडत नसेल तर उसनी आणा.

खाली पुठ्ठे अंथरा. फरशीवर ऑइलचे डाग पडले की सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र येतं, हा स्वानुभव. काढलेलं कूलंट उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधली मांजरं ते चाटतात. लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गटारात ओतू नका.

पावसाळ्यात : ब्लॉकचा वरचा भाग उघडा राहिला तर दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. हेड शॉपमध्ये असेपर्यंत सिलिंडरच्या भिंतींना ऑइलचा हात फिरवा आणि वरून स्वच्छ चादर व प्लास्टिक घाला.

## टप्पा ४ : हेड उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. अॅल्युमिनियमचं हेड कोमट असताना बोल्ट सैल केले की ते वाकतं.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरचं पाणी आणि चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचं) ऑइल काढा.

२. मोबाइलवर फोटो काढा, भरपूर. कार्ब्युरेटरच्या व्हॅक्युम नळ्यांना नंबरच्या चिकटपट्ट्या लावा. ‘लक्षात राहील’ असं वाटतं. राहत नाही.

३. पहिला पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या जागी, आणा. क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा रंगाने ठळक करा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कुठे बघतोय त्याचीही खूण करा.

४. टायमिंग बेल्ट काढा. यापुढे क्रँक फिरवू नका.

५. एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलेलं असावं. समुद्राच्या हवेत हे नट स्टडसकट तुटतात. अडला तर जोर लावू नका, थोडा आवळा, थोडा सोडा, असं करत काढा.

६. टॅपेट कव्हर काढा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, आलटून पालटून, आधी पाव फेरा, मग अर्धा, असे सैल करा. एकाच टोकाचे बोल्ट आधी मोकळे केले तर हेडला पीळ बसतो.

७. पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढा आणि जो बोल्ट जिथला, तिथे खोचून ठेवा.

८. हेड चिकटून बसलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके द्या.

इशारा : हेड आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पाण्याला नवी वाट.

हेड दोघांनी सरळ वर उचला. जमिनीवर पालथं ठेवू नका. काही व्हॉल्व्ह उघडे असतात, ते वाकतात. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा.

## टप्पा ५ : जुनं गॅसकेट फेकू नका

हा कागद वाचायचा असतो. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर काळा, जळका मार्ग दिसला तर गॅस तिथून जात होता. पाण्याच्या भोकांभोवती धातू कुरतडल्यासारखा असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातल्याचं ते फळ. एका कडेलाच दाब कमी पडल्याची खूण असेल तर मागच्या वेळी बोल्ट नीट आवळलेले नव्हते, किंवा हेड वाकडं आहे. फोटो काढा, शॉपवाल्याला दाखवा.

मग नवं गॅसकेट ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळवून बघा. पाण्याची काही भोकं गॅसकेटमध्ये मुद्दामच लहान ठेवलेली असतात, पाणी लांबच्या सिलिंडरपर्यंत पोहोचावं म्हणून. ‘भोक बंद दिसतंय’ म्हणून पंचने मोठं करणारे महाभाग आहेत. तसं करू नका.

## टप्पा ६ : साफसफाई

सगळ्या कामाचा अर्धा वेळ इथे जायला हवा. माझा तरी जातो.

सिलिंडरांत आणि पाण्या-ऑइलच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा. किती कोंबली ते मोजून ठेवा, तेवढीच बाहेर निघायला हवीत. जुन्या गॅसकेटचे तुकडे ब्लॉकवरून धारदार पातं आडवं धरून काढा. अॅल्युमिनियमच्या हेडवर प्लास्टिकचा किंवा पितळी खरवडा वापरा. पातं तिरकं लागलं तर अॅल्युमिनियम लोण्यासारखं कापलं जातं.

ड्रिलवर लावायची घासणीची चकती गॅरेजमध्ये सर्रास दिसते. दहा मिनिटांत चकचकीत करते खरी. पण मऊ अॅल्युमिनियमवर ती न दिसणारे खड्डे पाडते, आणि तिचे बारीक कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात. मग हेडचं काम उत्तम झालेलं असतं आणि इंजिन खालून वाजायला लागतं.

आता बोल्टची भोकं. उतरवताना त्यांत पाणी आणि ऑइल सांडलेलंच असतं. तळ बंद असलेल्या भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते पाणी कुठे जाणार? ते दाबलं जात नाही, ब्लॉकला तडा जातो. तडा नाही गेला तरी टॉर्क रेंच खोटा क्लिक देतो : बोल्ट पाण्यावर अडलेला, हेड सैलच. सिरिंजने पाणी ओढा, हवा मारा, कापडाची वात करून आत फिरवा. आटे साफ करायला जुन्या बोल्टला हॅकसॉने लांबीच्या दिशेने दोन खाचा पाडा आणि तोच हाताने आत-बाहेर करा. टॅप मारला तर आटे आणखी कापले जातात.

तपासा : प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. अडतोय तिथे अजून घाण आहे.

शेवटी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा. पांढऱ्या फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत.

## टप्पा ७ : मोजा, मग फेसिंग

पट्टी हेडच्या पृष्ठभागावर उभ्या धारेने ठेवा आणि ०.०५ मिलिमीटरचं फीलर तिच्याखालून सरकतंय का बघा. सहा जागी : चारही कडांना आणि दोन्ही कर्णांवर. सरकलं तर हेड वाकडं आहे. ब्लॉकवरही हेच करा. ब्लॉक कोणी मोजत नाही.

अॅल्युमिनियम तापलं की ब्लॉकच्या बिडापेक्षा (ओतीव लोखंडापेक्षा) साधारण दुप्पट पसरतं. म्हणून तापलेल्या इंजिनात हेडच आधी वाकतं.

हेड शॉपला नेताना गोणपाटात गुंडाळा, लाकडी पट्टीवर बांधा. एकदा मी लोकलच्या लगेजच्या डब्यातून नेलं होतं. माशांच्या पाट्यांच्या शेजारी ते फारसं कोणाला खटकलं नाही. तिथे तीन गोष्टी स्पष्ट सांगा :

- आधी प्रेशर टेस्ट. व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या मधे केसाएवढा तडा असेल तर फेसिंगचा खर्च पाण्यात.
- सपाट होण्यापुरतंच कापा. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं, साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करतं (पेट्रोल अवेळी पेटून ठोके देतं) आणि कॅमचं टायमिंगही मागे पडतं.
- व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि नवे सील आत्ताच. पुन्हा हेड कोण उतरवणार?

परत आणल्यावर हेड उताणं ठेवा, प्लग लावा आणि हेडमधल्या तिन्ही कंबशन चेंबरमध्ये (पेट्रोल जळतं त्या खळग्यांत) थोडं रॉकेल ओता. पोर्टमधून गळलं तर व्हॉल्व्ह बसलेले नाहीत. परत न्या. नंतर हेड साबणाच्या पाण्याने धुऊन, हवा मारून कोरडं करा. फेसिंगचा चुरा पाण्याच्या वाटांमध्ये अडकलेला असतो.

## टप्पा ८ : बसवणं

१. फडकी मोजून बाहेर काढा.

२. गॅसकेट कोरडं ठेवा. शेलॅक नको, सिलिकॉन नको, ग्रीसही नको. पाकिटावर बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलं असेल तरच. गळती थांबेल या आशेने थापलेलं सिलिकॉन दाबून आत घुसतं आणि पाण्याची भोकं बुजवतं. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर आणि ते अक्षर क्रँक पुलीकडे.

३. जागा पकडणाऱ्या डॉवेल पिना आहेत ना, बघा. हेड एकदा ठेवलं की सरकवू नका. सरकवून जागा शोधलीत तर गॅसकेटची कड दुमडते.

४. बोल्टच्या आट्यांना आणि वॉशरखाली ऑइलचं बोट लावा, तेवढंच. भोकात ऑइल ओतू नका.

५. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आलटून पालटून बाहेरच्या दिशेने जा. तीन फेऱ्या : पहिली २० न्यूटन-मीटर, दुसरी ४०, तिसरी शेवटच्या आकड्याला. ८०० च्या एफ८बी इंजिनाला तो ५५ ते ६० न्यूटन-मीटर. दुसऱ्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या. ज्या इंजिनात आकड्यानंतर ठरावीक अंश फिरवायला सांगितलंय तिथे बहुतेक वेळा नवे बोल्टच लागतात.

६. रेंच सावकाश ओढा, झटका देऊ नका. क्लिक झाल्यावर ‘अजून एक जरा’ हा मोह टाळा. अॅल्युमिनियम चेपतं, बोल्ट लांबतो.

तपासा : तिसरी फेरी झाल्यावर चहा प्या आणि त्याच क्रमाने, त्याच आकड्याला पुन्हा एकदा फिरा. पहिले आवळलेले एक-दोन बोल्ट थोडे हलतात.

## टप्पा ९ : टायमिंग आणि बाकीची जोडणी

खुणा जुळवून नवा बेल्ट चढवा, टेन्शनर लावा. प्लग काढलेले असताना क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. मधेच कडक अडलं तर तिथेच थांबा. स्टार्टर मारून ‘बघू काय होतं’ करू नका. एका दाताचा फरक असेल तर गाडी चालू होते, पण ओढत नाही आणि तापते, आणि मग सगळे बिचाऱ्या गॅसकेटला नावं ठेवतात.

टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट) नव्याने लावा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंगनंतर जुनं सेटिंग निरर्थक. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, प्लगच्या वायरी त्याप्रमाणे. बाकी जोडणी फोटो बघत उलट क्रमाने.

## टप्पा १० : ऑइल, पाणी, पहिला स्टार्ट

ऑइल दुधाळ दिसत नसलं तरी बदला. हेड उचलताना थोडं कूलंट चेंबरमध्ये जातंच आणि बेअरिंगना ते मानवत नाही. आधी साधं ऑइल घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, ते काढा, मग नवा फिल्टर आणि चांगलं ऑइल.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीत घालतात ते, प्यायच्या पाण्याची बाटली नव्हे. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका.

हवा काढायला गाडीचं नाक वर हवं. सोसायटीचा रॅम्प त्यासाठी छान, चाकांना विटा लावून. हीटर असेल तर त्याचा दांडा पूर्ण गरमकडे. कॅप उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, होज दाबत राहा, पातळी खाली गेली की भरा. पाणी वर चढून ओसंडू लागायच्या आत कॅप लावा. मग पंखा दोनदा सुटून बंद होईपर्यंत गाडी उभीच ठेवा.

इशारा : काटा एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो. इंजिन लगेच बंद करा.

## टप्पा ११ : पहिले काही दिवस

पहिली फेरी घराभोवतीच मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाचं कॅप उघडून पातळी बघा. पहिल्या सकाळी थोडी उतरते, कारण अडकलेली हवा निघते. तिसऱ्या-चौथ्या सकाळीही उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. डिपस्टिकही रोज बघा.

बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही, हे गॅसकेटवर अवलंबून आहे. काही जुन्या पद्धतीच्या गॅसकेटना पहिल्या गरम-थंडनंतर आवळावं लागतं, काहींना मुळीच नाही. पाकिटातला कागद वाचा. आवळायचे असतील तर पाकिटावर वेगळं सांगितलेलं नसल्यास थंड इंजिनावर, एकेक बोल्ट पाव फेरा सैल करून, त्याच क्रमाने.

साधारण पाचशे किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, टॅपेट परत तपासा. तोपर्यंत घाट नको.